सर्किट बोर्ड अख्खा गावाबाहेर जाऊ द्या : विदर्भातील जिल्हा परिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
विदर्भातील सर्व अकरा जिल्हा परिषदा

विषय : निर्लेखित संगणक, जुने मोबाईल, पंपांचे स्टार्टर इत्यादी ई-कचऱ्यातील मौल्यवान धातूंबाबत

महोदय / महोदया,

जिल्हा परिषदेच्या शाळा, पंचायत समित्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामपंचायती यांच्या कुलूपबंद खोल्यांत वर्षानुवर्षे साठलेले संगणक, प्रिंटर आणि यूपीएस यांचे काय करायचे, हा प्रश्न निर्लेखनाच्या, म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याच्या, प्रस्तावाच्या रूपाने आपल्यापुढे अधूनमधून येतच असेल. त्याच गावांत घरोघरी बंद मोबाईल, वीज पडून जळालेले सेट-टॉप बॉक्स, निकामी फवारणी पंप आणि विहिरीवरच्या मोटारींचे मोडके स्टार्टर पडून आहेत आणि त्यांचा प्रस्ताव मात्र कोणाकडेच जात नाही. या दोन्ही ढिगांत तांबे, चांदी, सोने आणि पॅलेडियम नावाचा मौल्यवान धातू आहे. ते आज कसे वाया जाते आणि आपण मनावर घेतले तर कसे वाचू शकते, एवढ्याच विषयावर हे पत्र आहे. माझी नोकरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचा शिल्प निदेशक म्हणून झाली. निवृत्तीनंतर यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो आणि भंगाराच्या व्यापाऱ्यांशी माझे रोजचे बोलणे असते.

आधी या ढिगात आहे तरी किती, ते पाहू. दहा लाख मोबाईलांतून सुमारे १६ टन तांबे, ३५० किलो चांदी, ३४ किलो सोने आणि १५ किलो पॅलेडियम मिळू शकते, असा अमेरिकेतील सरकारी यंत्रणांचा जुना हिशेब आहे. म्हणजे एका फोनमागे सोने साधारण ३४ मिलिग्रॅम. दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेलेला असताना एवढ्या सोन्याची किंमत तीनशे रुपयांच्या वर भरते. अलीकडच्या फोनांत सोन्याचा मुलामा पातळ झाला आहे, हे मान्य करूनही तुलना डोळ्यांत भरण्यासारखी आहे. खाणीतल्या एका टन दगडात पाच ग्रॅमपर्यंत सोने असले तरी ती खाण चालवतात. बॅटऱ्या काढलेल्या एक टन जुन्या मोबाईलांत ते तीनशे ग्रॅमच्या आसपास असते. खोल गेलेली कोलारची खाण परवडेनाशी होऊन २००१ मध्ये बंद पडली. त्याच सुमारास आपल्या गावागावांत मोबाईल यायला लागले. जपानने तर टोकियो २०२० च्या ऑलिंपिकची सगळी पदके लोकांनी जमा केलेल्या उपकरणांतून घडवली. त्यासाठी दोन वर्षांत ७८,९८५ टन उपकरणे गोळा झाली, त्यांत ६२ लाखांवर मोबाईल होते आणि त्यांतून ३२ किलो सोने निघाले. त्यात धातू गाळण्याची विद्या नवी नव्हती. नवे होते ते गोळा करणे, आणि त्यासाठी जपानमधील नगरपालिका व गावपालिका पेट्या ठेवून पुढे आल्या होत्या.

आपल्याकडे ई-कचरा म्हटला की मोबाईल आणि संगणकच डोळ्यांपुढे येतात, म्हणून एका वस्तूकडे मुद्दाम लक्ष वेधतो. ती म्हणजे शेतातल्या मोटारीचा स्टार्टर. त्याचे झाकण उघडले की आत कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांवर मसुरीच्या डाळीएवढे पांढुरके ठिपके दिसतात, ज्यांना आमचे कारागीर ‘पॉइंट’ म्हणतात. हे पॉइंट चांदीच्या मिश्रणाचे असतात, कारण मोटार चालू-बंद होताना उडणाऱ्या ठिणगीपुढे नुसते तांबे फार काळ टिकत नाही. कमी-जास्त व्होल्टेजमुळे आपल्या भागात मोटारी आणि स्टार्टर दोन्ही जळतात. मोटारीचे जळके तांबे वाइंडिंगवाला वजनावर परत घेतो, त्यामुळे ते बहुधा वाया जात नाही. स्टार्टर मात्र लोखंडाच्या भावात जातो किंवा कानशीने घासून त्याचे पॉइंट उतरवले जातात. जुन्या पॉइंटांपैकी अनेकांत चांदीबरोबर कॅडमियम ऑक्साइड मिसळलेले असते. ते पॉइंट घासताना उडणारी भुकटी आणि वितळवताना निघणारा धूर मूत्रपिंडाला व फुफ्फुसांना घातक आहे. ओलिताची जेवढी वावरे, जवळपास तेवढे स्टार्टर. या चांदीची नोंद कोणत्याही कार्यालयात नाही.

आता हा माल जातो कुठे, ते पाहू. मोटारसायकलला भोंगा लावून ‘टीन-टप्पर, खराब मोबाईल’ अशी हाळी देत फिरणारा माणूस विदर्भातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. तो बंद मोबाईलच्या बदल्यात प्लास्टिकचे टोपले किंवा टब देतो. त्याला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही, कारण आज खेड्यातून ई-कचरा उचलणारा तो एकटाच आहे. अडचण पुढे सुरू होते. तालुक्याच्या भंगार दुकानात वस्तू फोडली जाते, तारा गावाबाहेर जाळून तांबे मोकळे केले जाते आणि जुन्या मॉनिटरच्या काचेच्या गळ्याभोवतीचे तांब्याचे वेटोळे काढून घेऊन शिसे मिसळलेली ती काच खड्ड्यात लोटली जाते. बोर्डांतला, म्हणजे उपकरणाच्या आत चिप व सुटे भाग जडवलेल्या पाट्यांतला, बराच माल व्यापाऱ्यामार्फत मोठ्या शहरात जातो. थोडा मात्र आता जागच्या जागी तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात, टाकला जाऊ लागला आहे आणि याला इंटरनेटवरच्या चित्रफितींनी हातभार लावला आहे. घरबसल्या सोने काढण्याची ती शिकवणी पाहून दोन तरुण माझ्याकडे नायट्रिक आम्ल कुठे मिळते याची चौकशी करायला आले होते. मी त्यांना परत पाठवले. त्यांनी ते दुसरीकडून मिळवलेच.

ही क्रिया जवळून पाहणाऱ्याला तिचा मोह का पडतो ते कळते. रॅमच्या पट्टीची सोनेरी दातेरी कडा कात्रीने कापून प्लास्टिकच्या बादलीत घालतात आणि वरून तेजाब ओततात. तांबूस तपकिरी धूर उठतो, द्रव हळूहळू निळा-हिरवा होतो आणि काही तासांनी सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ पापुद्र्यांच्या रूपाने सुटून तरंगू लागतो. ते कापडाने गाळून मुशीत वितळवले की ज्वारीच्या कणीएवढा मणी हाती येतो. तो मणी खरोखर सोन्याचा असतो, म्हणूनच धंदा पसरतो. पण हिरव्या पाण्यात काय राहिले, हे कोणी पाहत नाही. नायट्रिक आम्लात तांब्याबरोबर चांदी विरघळते, पॅलेडियमही विरघळते आणि हे सगळे पाणी नाल्यात जाते. चिपच्या पोटातील केसाहून बारीक सोन्याच्या तारा तर या बादलीपर्यंत पोचतच नाहीत, कारण त्या काळ्या आवरणात बंद असतात. बंगळूरमध्ये अशा रीतीने चालणाऱ्या कामाचे मोजमाप सुमारे दोन दशकांपूर्वी युरोपीय अभ्यासकांनी केले, तेव्हा बोर्डातील जेमतेम पाव भाग सोने हाती लागत असल्याचे दिसले होते. धुराचेही एक वैशिष्ट्य सांगायला हवे. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे फुफ्फुसात पाणी व्हायला कधी कधी कित्येक तास जातात. त्यामुळे काम करताना माणसाला काही वाटत नाही आणि धाप रात्री लागते. अशा रुग्णाने दिवसा काय केले, हे विचारण्याची कल्पना प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना असणे बरे.

याउलट बेल्जियममधील होबोकेन किंवा स्वीडनमधील रॉनशेर येथील भट्टीत बोर्डाचे तुकडे वितळलेल्या तांब्याच्या सोबतीने जातात. सोने, चांदी आणि पॅलेडियम त्या तांब्यात उतरतात. बोर्डातले प्लास्टिक इंधन म्हणून जळते आणि त्याचा धूर शुद्धीकरण यंत्रणेतून जातो. तांबे शुद्ध करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत मग त्याच्या जाड पट्ट्या ओतून त्यांचे विद्युत अपघटन करतात. शुद्ध तांबे एका ध्रुवावर चढते आणि तळाशी जो चिखल साचतो त्यातून मौल्यवान धातू वेगळे केले जातात. अशा कारखान्यांत सोन्याची वसुली ९५ टक्क्यांच्या घरात असते. भारतातही हैदराबादच्या सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थेने आणि जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेने बोर्डांतून धातू काढण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत व त्या उद्योगांना दिल्या आहेत. विद्या आहे, यंत्रे आहेत, गिऱ्हाईक आहे. मात्र त्यांपैकी कोणालाही फोडलेला, जाळलेला, कडा कापून घेतलेला बोर्ड नको असतो, कारण सर्वांत किमती भाग त्यातून आधीच गेलेला असतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की विदर्भातील खेड्यांत आणि तालुक्यांत धातू काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, शासनाने तर मुळीच करवू नये. बोर्ड अख्खा राहावा, प्रतवारी होऊन वजनावर विकला जावा आणि त्याचा योग्य भाव उचलणाऱ्या माणसापर्यंत पोचावा. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण ‘ई-कचऱ्यातून सोने’ या विषयावर बचत गटांना प्रशिक्षण द्यावे, अशी सूचना अलीकडे सभांमधून सद्भावनेने केली जाते. पापड-शेवयांच्या यादीत तेजाबाची बादली घालण्याजोगी ही गोष्ट नाही. बचत गटांनी गोळा करणे, हिरवे बोर्ड आणि टीव्हीचे तपकिरी बोर्ड वेगळे करणे, बॅटऱ्या बाजूला काढणे आणि काटा करून नोंद ठेवणे ही कामे जरूर करावीत. यांत कौशल्य आहे आणि पैसाही आहे, कारण मोबाईलचा बोर्ड, संगणकाचा बोर्ड आणि टीव्हीचा बोर्ड यांच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि सरमिसळ ढिगाला सर्वांत हलक्या मालाचा भाव लागतो.

विदर्भातल्या वाचकाला सोनझारी समाज माहीत असतो. नदीच्या वाळूतून आणि सराफ्याच्या गटारातील गाळातून सोन्याचे कण धुऊन काढणाऱ्या त्या लोकांजवळ जी पारखी नजर होती, ती भंगारवाल्यांजवळही आहे. तिचे मोल आपल्या यंत्रणेला कधी कळले नाही.

आता कायद्याकडे वळतो. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या यादीत आता १०६ प्रकारची उपकरणे आहेत. कंपन्यांनी आपल्या जुन्या मालाचा ठरावीक हिस्सा पुनर्चक्रित झाल्याचे दाखवायचे असून तो हिस्सा २०२३-२४ मध्ये ६० टक्के होता, २०२५-२६ पासून ७० टक्के आहे आणि २०२७-२८ पासून ८० टक्के होणार आहे. हे दाखवण्यासाठी कंपन्या नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रे विकत घेतात. व्यवस्था कागदावर वाईट नाही, पण प्रमाणपत्र वजनाचे असते, गावाचे नसते. एक टन माल नागपुरात एका कार्यालयातून मिळत असेल, तर तोच एक टन जमवायला झरी जामणीत किंवा धारणीत गावोगाव गाडी कोण फिरवील? शिवाय जुन्या नियमांत संकलन केंद्र आणि सुटे भाग करणारे यांना स्वतंत्र स्थान होते. नव्या नियमांत नोंदणी आहे ती उत्पादक, निर्माते, दुरुस्तीने पुन्हा वापरात आणणारे आणि रिसायकलर यांचीच. म्हणजे भोंगा लावून फिरणाऱ्या माणसाला या साखळीत नावच उरलेले नाही. दुसरीकडे, अशा कामगारांची ओळख पटवून नोंदणी करणे, त्यांचे गट बांधणे आणि त्यांना प्रशिक्षण देणे हे काम त्याच नियमांनी राज्य शासनावर सोपवले आहे आणि ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी शहरी स्थानिक संस्थांबरोबर ग्रामीण संस्थांवरही टाकली आहे.

एक बाब मात्र थेट आपल्याला लागू होते. वर्षभरात यादीतील किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्या संस्थेला हे नियम ‘मोठा ग्राहक’ मानतात आणि अशा ग्राहकाने आपला ई-कचरा नोंदणीकृत संस्थेलाच दिला पाहिजे. सहा संगणकांची शाळा यात बसत नाही. दोन संगणकांची ग्रामपंचायतही नाही. पण जिल्हा परिषद ही एक संस्था म्हणून पाहिली आणि तिच्या सर्व शाळा, दवाखाने व पंचायत समित्यांतील उपकरणे एकत्र मोजली, तर हजाराचा आकडा ओलांडणार नाही अशी जिल्हा परिषद विदर्भात असेल असे मला वाटत नाही. निर्लेखन मात्र कार्यालयनिहाय होते, म्हणून हा हिशेब कोणी करत नाही.

निर्लेखनानंतर बहुधा लिलाव होतो आणि सर्वाधिक बोलीला माल जातो. ऐकायला हे निर्दोष वाटते. परंतु आम्लाचे पाणी शुद्ध करण्याचा, शिशाची काच सुरक्षित ठिकाणी पोचवण्याचा आणि कामगारांना मुखपट्टी देण्याचा खर्च ज्याला करायचाच नाही, तोच सर्वांत मोठी बोली लावू शकतो. नियम पाळणारा कारखाना त्या लिलावात हरणारच. एका शाळेचे संगणक असे लिलावात गेल्यानंतर त्यांचे रिकामे डबे मी नाल्याच्या काठी पाहिले आहेत. शाळेने तेलरंगाने लिहिलेला जडवस्तू संग्रहाचा क्रमांक त्यांवर तसाच होता. त्या नोंदवहीत मात्र विल्हेवाट पूर्ण झाल्याचा शेरा नियमानुसार लागलेला असणार.

यावर उपाय आपल्या अधिकारात आहे. निर्लेखनाचे प्रस्ताव शाळेगणिक न घेता वर्षातून एकदा जिल्ह्याचे एकत्र घ्यावेत आणि बोली फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या संस्थांकडूनच मागवावी. पंधरा-वीस संगणकांसाठी नागपूरहून गाडी येणार नाही. जिल्ह्याचा माल एकत्र असेल तर येईल. हार्ड डिस्क मात्र आधी काढून भोके पाडून मगच द्याव्यात, कारण त्यांत विद्यार्थ्यांची आणि लाभार्थ्यांची माहिती असते. या कामाला शिक्षकांना जुंपू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांच्या डोक्यावर आधीच पुरेशी बिगर-शैक्षणिक कामे आहेत. गटविकास अधिकाऱ्यांनी एक गोदाम आणि एक वाहन ठरवले, तरी पुरे.

हे एकत्रित गोदाम एकदा उभे राहिले की खेड्यातला घरगुती माल तिकडे वळवणे अवघड नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला काटा लावावा, बोर्डाचे आणि मोबाईलचे प्रतवारीनुसार भाव फलकावर लिहावेत आणि तो माल भंगारवाल्याकडूनच घ्यावा. घरोघरी जाऊन गोळा करण्याचे त्याचे काम दुसऱ्या कोणाला तेवढ्या स्वस्तात जमणार नाही. त्याला ओळखपत्र द्यावे आणि अख्ख्या बोर्डाला फोडलेल्यापेक्षा जास्त भाव मिळतो, हे त्याला रोख पैशांत दिसू द्यावे. बंदी घालून, छापे टाकून हा धंदा थांबेल असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा भंगार दुकानात दिवस काढून पाहावा. छापा पडला की बादली गोठ्यात जाते आणि धूर घरात शिरतो. काट्याचा एक आनुषंगिक लाभही आहे. टोपल्यावर गेलेले जुने मोबाईल दुरुस्त होऊन फसवणुकीच्या कामी लागतात, अशा इशाऱ्यांमुळे लोक आता फोन द्यायला कचरतात आणि तो कपाटात ठेवून देतात. सरकारी काट्यावर पावती मिळाली तर ती भीती कमी होईल.

सौर पंपांबद्दल थोडक्यात लिहितो. कुसुम आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनांमुळे वावरावावरांत पॅनेल उभे राहिले आहेत. त्यांच्या निळसर-काळ्या पेशींवरच्या बारीक रेषा चांदीच्या असतात. वादळात आणि गारपिटीत फुटलेले पॅनेल आजच धुऱ्याला टेकवून ठेवलेले दिसतात. सौर पॅनेलचा कचरा २०३४-३५ पर्यंत उत्पादकांनी साठवून ठेवावा, असे २०२२ चे नियम सांगतात. तेव्हा फुटलेले पॅनेल पुरवठादार कंपनीने परत न्यावे, अशी लेखी अट शेतकऱ्याच्या हाती हवी. पॅनेल भंगारात गेले की ॲल्युमिनियमची चौकट निघते आणि बाकी सगळे फेकले जाते.

पॅलेडियम ज्या प्लॅटिनम गटात मोडते, तो गट केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वपूर्ण खनिजांत आहे आणि अशा खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली आहे. हा पैसा कारखान्यांना मिळेल, आणि कारखान्यांना माल लागेल. कोळसा, मँगनीज आणि लोहखनिज आपल्या मातीतून बाहेर जाताना त्याचा भाव ठरवण्यात इथल्या माणसाचा हात कधी नव्हता. या मालाच्या बाबतीत तो अजून असू शकतो, कारण हा माल आज आपल्याच नोंदवह्यांत, आपल्याच कुलपांमागे आहे.

येत्या आर्थिक वर्षाच्या निर्लेखन आदेशात ‘माल केवळ नोंदणीकृत रिसायकलरलाच, अखंड अवस्थेत व वजनाच्या पावतीवर द्यावा’ ही एक ओळ आपण घालावी आणि तिची प्रत प्रत्येक गटविकास अधिकाऱ्याला व गटशिक्षणाधिकाऱ्याला पाठवावी, अशी विनंती आहे. पहिला काटा ज्या तालुक्यात लागेल तेथे प्रतवारी शिकवायला मी स्वतः येईन; मानधनाची अपेक्षा नाही, जाण्या-येण्याच्या एसटीची सोय माझी मी करेन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक,
यवतमाळ जिल्हा